डोंगराच्या दोन कुशी



2024 सालच्या आषाढीच्या वाटेवर, फलटणच्या मुक्कामात घडलेली ही हकीगत आहे. प्रवचन आटोपलं होतं. दिंडीतली मंडळी पथाऱ्या टाकण्याच्या नादात होती. एवढ्यात माण तालुक्यातले एक वयोवृद्ध माळकरी पुढे आले, त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं, मी त्यांच्या ठेवलं, आणि कोपरीच्या खिशातून मोबाइल काढून ते म्हणाले, “म्हाराज, ह्यो फोटु बघा. पोरानं धाडलाय.”

चित्र आकाशातून, उपग्रहाने घेतलेलं होतं. खाली निळा समुद्र. काठाला हिरवी पट्टी. मधे डोंगराची ओळ. आणि माथा ओलांडला की भाजल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी तपकिरी जमीन, ती पार चित्राच्या टोकापर्यंत. हिरवं संपतं ती रेघ इतकी स्वच्छ की एखाद्या सुताराने दोरी मारून आखावी.

मी म्हटलं, “हा तर आपला सह्याद्री. हे कोकण, आणि हा तुमचा माण.”

ते हसले. “मलाबी तसंच वाटलं. पर न्हाई. हे ओमान हाय. सलाला म्हंत्यात. पोरगं तिथं कामाला हाय.” मग हसू मावळलं. “म्हाराज, एक इचारू का? हितं देव डोंगराच्या अल्याड पाऊस पाडतो, आन् तिथंबी अल्याडच. पल्याडच्यांनी त्याचं काय वाकडं केलंय?”

त्या उन्हाळ्यात माणातल्या कित्येक गावांना पिण्याचं पाणी टँकरने मिळत होतं. हा प्रश्न कुणी गंमत म्हणून विचारला नव्हता.

आणि मी काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, “माउली, ज्याचं त्याचं प्रारब्ध. पूर्वसंचित असेल तसं जो तो भोगतो.”

“खरं हाय म्हाराज,” असं म्हणून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि ते गेले. वाद नाही, राग नाही. पण सज्जनहो, ते ज्या रीतीने गेले ती पाठ मला रात्रभर दिसत राहिली. तहानेल्याने पाणी मागावं आणि आपण त्याच्या हातावर हिशेबाचा कागद ठेवावा, तसं मी केलं होतं. तुकोबारायांनी 1630 च्या सुमाराचा दुष्काळ सोसला. घरची माणसं त्यात गेली. त्यांच्या ओसरीवर जाऊन ‘बुवा, तुमचं पूर्वसंचित’ असं म्हणायची कोणाची छाती झाली असती का? आणि परंपरा सांगते की त्यांनी स्वतः काय केलं, तर कुळांची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. संचित शब्दाला शास्त्रात जागा आहे, ती मी नाकारत नाही. पण तो शब्द माणसाने स्वतःला सांगावा. दुसऱ्याच्या कोरड्या विहिरीवर उभं राहून सांगू नये.

असो. तेव्हा हे लिहिणं म्हणजे त्या माउलीचं मी चुकवलेलं देणं आहे.

वारीहून परतल्यावर मी आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींकडे गेलो. म्हटलं, मला हा डोंगर समजावून द्या. त्यांनी भिंतीवरचा नकाशा खाली काढला आणि पहिल्यांदा काय केलं असेल? रत्नागिरीवर बोट ठेवलं आणि ते सरळ पश्चिमेला, न वर न खाली, समुद्रावरून सरकवत नेलं. दोन हजार किलोमीटर गेल्यावर बोट जमिनीला लागलं ते नेमकं सलालावर. दोन्ही गावं जवळजवळ 17 अंश अक्षांशावरची. म्हणजे हा मुलूख परका खरा, पण एकाच समुद्राचा समोरचा काठ. आपल्याकडे आषाढात जो नैर्ऋत्येचा वारा येतो तोच वारा आधी त्यांच्या किनाऱ्याच्या अंगाने जातो.

त्या प्रांताचं नाव धोफार. समुद्राकाठी सलालाचं मैदान, फार तर 15 किलोमीटर रुंद. नारळ, केळी, पपई. रस्त्याच्या कडेला शहाळी सोलून देणारे. आपला कोकणातला माणूस तिथे डोळे बांधून नेला तर घरी आलो म्हणेल. मैदानामागे अर्धचंद्राकार डोंगर. मधला जबल करा, सुमारे 900 मीटर उंच. पश्चिमेला जबल कमर, पूर्वेला त्याहून उंच जबल समहान. आणि या डोंगरांच्या पाठीमागे रुब-अल-खाली, म्हणजे ‘रिकामा चतुर्थांश’. दोन महाराष्ट्र मावतील आणि वर जागा उरेल एवढं मोठं ते वाळवंट.

जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे जो ऋतू असतो त्याला ते लोक ‘खरीफ’ म्हणतात. श्रोतेहो, हा शब्द ऐकून मी गुरुजींना थांबवलं. आपला खरीप हंगाम तो हाच! अरबीतला शब्द, आपण बाजरी-मुगाला लावला, त्यांनी धुक्याला लावला.

धुक्याला म्हणतो ते जाणून म्हणतो. कारण तिथे आपल्यासारखा पाऊस पडतच नाही. वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहतो आणि समुद्राचं वरचं ऊन पाणी आत लोटत नेतो. त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरून जाताना दमट हवा गारठते, तिचं धुकं होतं, आणि ते धुकं डोंगराला येऊन टेकतं. वर चढून मोठा ढग व्हावा तर तेही नाही. कारण वाळवंटाकडून येणारी कोरडी, तापलेली हवा त्याच्या डोक्यावर झाकणासारखी बसलेली असते. म्हणून गर्जना नाही, धार नाही. नुसती भुरभुर. सलाला शहराचा वर्षाचा पाऊस साधारण 100 ते 130 मिलिमीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरी चांगला पाऊस लागला तर एका दिवसात पडावा एवढा. डोंगरावर थोडा अधिक.

तोच वारा पुढे ऊबदार समुद्रावरून दमट होत आपल्याकडे येतो, सह्याद्री चढतो, चढताना थंड होतो आणि पाणी टाकून मोकळा होतो. घाट उतरला की तो तापतो आणि कोरडा होतो. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरांहून अधिक, आणि आपल्या पंढरीला 500-600. हे काही कुणा गावाच्या पापपुण्याची नोंद पाहून झालेलं नाही. वारा चढतो आणि उतरतो, एवढंच.

सलालाहून उत्तरेला थुमरैतकडे जाणारा रस्ता आहे. खरीफात त्या रस्त्याने घाट चढताना समोरची गाडी दिसत नाही इतकं धुकं, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत. माथ्यावरचं कैरून हैरिती गाव मागे पडलं की थोड्याच अंतरात धुकं विरतं, गवत संपतं, आणि लख्ख ऊन. अल्याड 25-26 अंश, पल्याड 40 च्या वर. मला हे नंतर त्या माउलींच्या मुलानेही फोनवर सांगितलं. म्हणाला, “बुवा, गाडीची काच खाली केली की कळतं, देवाने दार लावलं.” पोराचं बोलणं बापासारखंच.

आकाशातून हे सारं एका नजरेत येतं. जुलैत पाहिलं तर हिरवं काहीच दिसत नाही. पांढऱ्या ढगाची घडी डोंगराला चिकटून बसलेली आणि माथ्यावर येऊन कापल्यासारखी थांबलेली. सप्टेंबरात ढग उठतो आणि खालची हिरवी किनार उघडी पडते. दोनेकशे किलोमीटर लांबीची, पण इतकी बारीक की धोतराच्या काठाची आठवण यावी. पुढे दोन-तीन महिन्यांत तीही पिवळी पडते. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक 400 किलोमीटर उंचीवरून दीड तासाला पृथ्वीची एक प्रदक्षिणा करतं, आणि हा मुलूख त्याच्या वाटेत वरचेवर येतो. 2025 च्या आषाढी एकादशीला, 6 जुलैला, आपले शुभांशु शुक्ला त्या स्थानकात होते. इकडे चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसं, आणि वर एक भारतीय दिवसाला पंधरा-सोळा प्रदक्षिणा घालतोय! असो, हे जाता जाता आठवलं.

तर मुख्य गोष्ट पुढेच आहे.

त्या ओल्या उतारावर एक झाड आहे. जगात ते धोफार आणि शेजारच्या यमनचा पूर्वभाग एवढ्याच ठिकाणी वाढतं. गुरुजींनी त्याचं कूळ सांगितलं तेव्हा मी उडालो. ते आपल्या धावड्याचं भावंड आहे! हाच तो आपल्या रानातला पांढऱ्या बुंध्याचा धावडा, ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. धोफारचा हा धावडा वर्षातले बरेच महिने निष्पर्ण उभा असतो. खरीफ आलं की पालवतो. आणि पालवला की काय करतो, तर वाऱ्याबरोबर वाहत चाललेलं धुकं पानांवर झेलतो. थेंब थेंब जमतो, फांदीवरून ओघळतो, मुळाशी पडतो. ज्यांनी तिथे मोजमाप केलं त्यांना झाडाखाली उघड्या माळापेक्षा बरंच अधिक पाणी मिळालं. म्हणजे आकाशाने जेवढं दिलं त्याहून जास्त पाणी त्या झाडाने उभं राहून मिळवलं. त्याच पाण्यावर ते जगतं, त्याच्या सावलीतलं गवत जगतं, खालच्या मैदानातले झरे जगतात.

मग झाड गेलं तर? धुकं तर येणारच. पण ते त्या जागेवरून तसंच सरकून निघून जाईल, आणि पुन्हा तिथे रोप धरणं कठीण. 1970 नंतर त्या प्रांतात रस्ते झाले, डोंगरावर विहिरी खोदल्या गेल्या, विकतचा चारा आला. लोकांचे हाल कमी झाले, चांगलंच झालं. पण गाई, उंट, शेळ्या अतोनात वाढल्या आणि त्यांच्या तोंडून कोवळं रोप काही वाचेना. जुनी झाडं उभी आहेत, नवी उठत नाहीत. डोंगराच्या अल्याडच्यांना मिळालेलं देणं असं कडेकडेने उसवत चाललं आहे. आकाशातून ती किनार दिसते म्हणून ती कायमची समजू नये.

आता पल्याडची कूस. प्रश्न तर तिचाच होता.

डोंगर उतरून मागे गेलं की नजद नावाचा उघडा, खडकाळ मुलूख लागतो. तिथे पाऊस नाही, धुकंही नाही. फार तर डोंगरावरून घसरून आलेला थोडा गारवा. अशा ठिकाणी, कोरड्या ओढ्यांच्या दगडगोट्यांत एक बुटकं, वेडंवाकडं झाड उभं असतं. कागदासारखी साल, जीव नसल्यासारखी पानं. हे लोबानाचं झाड. आणि हे कोणाचं भावंड? आपल्या सालईचं! सातपुड्यात, विदर्भाच्या रानात धावडा आणि सालई एकाच टेकडीवर शेजारी शेजारी उभे असतात, तिथल्या माणसाला सांगायला नको. त्यांची ही समुद्रापलीकडची भावंडं मात्र डोंगराने वाटून घेतली आहेत. धावडा ओल्या कुशीला, सालई सुक्या.

सज्जनहो, हजारो वर्षं जगातल्या देवळांतून, चर्चमधून, राजांच्या अंत्ययात्रांतून ज्या धूपाचा वास दरवळला तो याच कोरड्या बाजूचा. सागरी व्यापाराचं वर्णन करणाऱ्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकात या लोबानाच्या किनाऱ्याचा उल्लेख आहे. त्या किनाऱ्यावर खोर रोरी इथे जुन्या बंदराचे अवशेष आहेत आणि तिथल्या उत्खननात भारतीय घडणीची एक लहानशी ब्राँझची स्त्रीमूर्ती निघाली. म्हणजे आपली माणसं तिथे त्याही काळी होती. 2000 साली युनेस्कोने ही ‘लोबानाची भूमी’ जागतिक वारशात घेतली. वादी दौका या ओढ्यातलं झाडांचं रान त्यातच येतं.

लोबान काढणारा मनकफ नावाचं बोथट हत्यार घेतो आणि सालीचा पापुद्रा खरवडतो. दुधासारखा चीक येतो. तो दोन आठवडे तसाच सोडायचा, सुकू द्यायचा. पहिल्या खेपेचा माल हलका. पुन्हा खरवडायचं, मग येतो तो चांगला. आणि झाडाला विसावा द्यायचा. हे ‘विसावा द्यायचा’ आजकाल सगळे पाळत नाहीत, म्हणून ही झाडंही संकटात आहेत. तिथल्या जाणत्यांच्या मते धुक्यात भिजणाऱ्या झाडापेक्षा मागच्या कोरड्या मुलखातल्या झाडाचा लोबान अधिक मोलाचा.

इथे थांबतो. कारण कीर्तनकाराच्या जिभेवर इथे मोह बसतो. ‘पाहा, दुःखातूनच सुगंध येतो, तेव्हा माणदेशकरांनो, आनंदाने सोसा’ असं म्हणून टाळी घ्यावी! नाही हो. ते माझ्या पहिल्या उत्तराचंच दुसरं तोंड झालं. झाडाला उन्हात उभं राहायला कोणी शिकवावं लागत नाही, त्याची घडणच तशी. माणसाच्या लेकराला पाणी लागतं. मी लोबानाची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठीच की, चित्रातल्या तपकिरी भागाला ‘देवाने टाकलेला’ म्हणायची मला जी घाई झाली होती, ती चूक होती. टाकलेल्या जागेतला धूप कोणी देवापुढे नेत नाही.

कोणी म्हणेल, मग एकदा दार उघडून देवाने पल्याड पाऊस पाडला असता तर काय बिघडलं असतं? ते घडलं आहे. मे 2018 मध्ये मेकुनू नावाचं चक्रीवादळ सलालावर आलं. काही वर्षांचा पाऊस चार-पाच दिवसांत पडला. पाणी डोंगर ओलांडून रिकाम्या चतुर्थांशात शिरलं आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. पुन्हा ऑक्टोबरात दुसरं वादळ आलं. त्याचं नाव काय होतं ठाऊक आहे? लुबान! ओमाननेच सुचवलेलं. ओली वाळू, कोवळी हिरवळ आणि पाहणारं कोणी नाही. त्या निर्जन मुलखात टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या झाल्या. तिथून ते यमनात, आफ्रिकेत, इराण-पाकिस्तानात पसरले, आणि मे 2020 मध्ये त्यांच्या झुंडी अमरावती-नागपूरच्या शेतांवर उतरल्या. त्या वाळवंटात पडलेल्या पावसाचं बिल विदर्भातल्या संत्र्याच्या बागांपर्यंत आलं.

यावरून कोरडं ते कोरडंच बरं असा अर्थ मी काढत नाही. एवढंच म्हणतो की त्या डोंगराचा, वाऱ्याचा, टोळाचा, झाडाचा हिशेब एकमेकांत इतका गुंतलेला आहे की तो उलगडून ‘हे याचं संचित, ते त्याचं’ असं वाटून द्यायला मी कोण? पांडुरंगाला मी तो हिशेब विचारू शकतो. त्याच्या वतीने सांगू शकत नाही. आणि धावड्याचं पाहिल्यावर मात्र एक गोष्ट विचारावीशी वाटते, ती देवाला नाही, आपल्यालाच: आपल्या उतारावर जे थोडं उतरतं, ते धरायला आपण काय उभं ठेवलंय? माणातल्या ज्या गावांनी उन्हातान्हात कुदळी मारून चर खोदले, बांध घातले, त्यांना हे मी सांगावं असं नाही. त्यांच्यापुढे मीच श्रोता.

त्याच वर्षी कार्तिकीला पंढरपुरात ती माउली पुन्हा भेटली. मीच शोधत होतो. चंद्रभागेच्या काठी बसून मी हे सगळं त्यांना सांगितलं, आणि आधी फलटणच्या उत्तराची माफी मागितली. ते शांतपणे ऐकत होते. झाडाची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, “म्हाराज, समदं पटलं. पर उन्हाळ्यात टँकर येणारच की वो.”

मी गप्प बसलो. या वेळी मला उत्तर सुचलं नाही याचं मला समाधानच वाटलं.

मुलगा दिवाळीला गावी येऊन गेला होता. त्याने आणलेल्या लोबानाचे चार खडे त्यांनी उपरण्याच्या गाठीतून सोडून माझ्या हातावर ठेवले. फिकट, हिरवट झाक असलेले, खडीसाखरेएवढे. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर त्यातला एक ठेवला. धूर वर चढला तसे मागे बसलेले बुलढाण्याकडचे एक वारकरी पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, “आमच्या रानातली सालई का हो ही?”

“न्हाई,” माउली म्हणाली, “तिचीच भैण. पल्याडची.”